निवडणूक येते, झोप जाते



लोकसभेचा प्रचार चालू झाला आणि पाड्यापाड्यांवरची झोप गेली. दिवसा जीप फिरते, कर्णा ओरडतो. रात्री जेवून माणूस आडवा झाला की दारात बॅटरीचा उजेड पडतो. उमेदवार येत नाही, त्याची माणसं येतात. बाटली काढतात, बारा-एक वाजवतात. उठताना विचारतात, "मग ठरलं ना?" अर्ध्या झोपेत आपला माणूस म्हणतो, "ठरलं."

हे दिवस कसले आहेत? मोहाची फुलं पहाटेच वेचावी लागतात, उशीर केला तर गुरं खातात. विहिरी आटल्यात, रात्री झऱ्यापाशी बसून वाटी-वाटीनं हंडा भरायचा तो बायांनीच. दिवसा राबाची भाजणी. एवढ्या कष्टात जी थोडी झोप मिळते, त्यातली अर्धी हे लोक घेऊन जातात. नवरा पिऊन आला की बाईची उरलेली पण जाते.

पण हे रात्रीच का येतात? दिवसा चार माणसं जमली की कोणीतरी विचारतंच, वनजमिनीच्या दाव्याचं काय झालं? प्लॉट कसतो तेवढा सातबाऱ्यावर का नाही? रात्री एकट्या घरात दमलेला माणूस प्रश्न विचारत नाही, मान हलवतो. आपली झोप मोडणं हा त्यांच्या प्रचाराचाच भाग आहे.

कायदा माहीत असू द्या. रात्री 10 ते सकाळी 6 कर्णा लावायला बंदी आहे. मतदान संपण्याआधीचे 48 तास जाहीर प्रचार बंद. मतासाठी पैसे देणं गुन्हा, घेणं पण गुन्हा.

आता आपली चूक. संघटनेच्या बैठका पण रात्रीच होतात, कारण दिवसा मजुरी बुडते. पण आम्ही कार्यकर्ते उशिरा पोचतो, भाषणं लांबवतो. दाव्याचा फॉर्म वाचायला घेतो तेव्हा अर्धे लोक डुलक्या घेत असतात. मग अंगठा कशावर दिला तेच कळत नाही. 2006 च्या वनहक्क कायद्यानं दाव्यावर पहिला ठराव करायचा अधिकार ग्रामसभेला दिलाय. म्हाताऱ्या माणसांचा जबाब, जागेची पाहणी, दावा नामंजूर झाला तर 60 दिवसांत अपील, ही सगळी जाग्या डोळ्यांची कामं आहेत. इथून पुढं बैठक लवकर सुरू करू, नऊला संपवू.

आणि पाड्यानं एवढं ठरवावं. रात्री कोणी आलं तर सांगायचं, "दादा, उद्या दिवसा गावदेवीपाशी या. सगळ्यांसमोर बोला. बाया पण असतील." दाव्याचं विचारायचं, उत्तर ऐकायचं, मग मत कोणाला ते ज्यानं त्यानं शुद्धीत ठरवायचं.

मतदान झालं की जीप जाईल. पुढची पाच वर्षं ते निवांत झोपतात आणि फॉरेस्टच्या नोटिशीनं आपण जागे राहतो. हे उलटं करायचं असेल तर या पंधरा रात्री आपली झोप आपण राखू या.

जिंदाबाद!