बदकाखाली सही कोणाची?

बँकेत सहीला जे महत्त्व आहे, ते लग्नात मंगळसूत्रालाही नसेल. पैसे खरे, चेक खरा, माणूस साक्षात समोर उभा. पण सही नाही म्हटल्यावर आम्ही चेक परत करतो. आणि खातं एकाचं, सही दुसऱ्याची असं दिसलं, तर आणणाऱ्याला गोड बोलून बसवून ठेवतो आणि हळूच मॅनेजरना बोलावतो. अशा संस्कारांत वाढलेल्या माणसाने डोनाल्ड डकची जुनी कॉमिक्स उघडली की त्याचं डोकं फिरतं. सगळीकडे नाव एकच: वॉल्ट डिस्ने. आणि त्यातलं एक बदकही वॉल्टसाहेबांनी काढलेलं नाही!

त्यातली सर्वांत चांगली बदकं काढली कार्ल बार्क्सने. जन्म १९०१, ओरेगॉन. लाकूडतोड, खेचरं हाकणं, रेल्वेच्या दुरुस्ती कारखान्यातली मजुरी, असं सगळं करून हा माणूस १९३५ मध्ये डिस्नेच्या स्टुडिओत लागला. १९४२ मध्ये ती नोकरी सोडून कॉमिक्सकडे वळला आणि १९६६ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्याने ६,००० च्या वर पानं काढली. गोष्टी बहुतेक त्याच्याच, चित्रंही त्याचीच. पुढे अक्षरं घालायला आणि शाई भरायला बायको हाताशी. पानामागे ठरलेले पैसे घ्यायचे आणि घरी जायचं. ना नाव, ना विक्रीत वाटा. यातलं एक मासिक १९५० नंतरच्या काळात महिन्याला ३० लाखांच्या घरात खपत होतं, तरीही!

डोनाल्डचा कंजूष मामा स्क्रूज हीसुद्धा बार्क्सचीच निर्मिती, १९४७ सालची. हे गृहस्थ आपली रोकड तीन घन एकरांच्या कोठारात ठेवतात. एकर हे मुळात क्षेत्रफळाचं माप. त्याचा घन कसा करतात हे आम्हाला बी.कॉम.ला शिकवलं नाही. मुदत ठेव नाही, व्याज नाही; नाण्यांत सूर मारून पोहायचं! बँकवाला म्हणून माझा याला सक्त विरोध आहे. पण आयुष्यातलं पहिलं कमावलेलं नाणं जिवापाड जपणारा हा म्हातारा खोटा वाटत नाही. वाटणार कसा? काढणाऱ्याला घामाच्या पैशाची किंमत ठाऊक होती. पुस्तकात मामा स्क्रूज असला, तरी व्यवहारात मामा झाला तो बार्क्सचाच.

यावर आमचे हिशेबी मित्र म्हणतात, "अहो, कामाचे पैसे घेतले ना? मग झालं! तुम्ही लेजरवर नाव छापून घेता का?" घेतो की! पूर्वी प्रत्येक नोंदीपुढे आद्याक्षरं करावी लागत, आता संगणकात नोंदीच्या पाठीला नंबर चिकटलेला असतो. दहा रुपयांचा फरक पडू द्या, अर्ध्या तासात माणसाचं नाव सापडतं. नाव घालायला जागा नसते, ती काम चांगलं झाल्यावर!

दुसरे म्हणतात, "पोरांची बदकं ती, त्यात कसला आलाय कलावंत?" मग पोरांनाच विचारा. नाव नसतानाही वाचकांनी हा हात बरोबर ओळखला होता. तिकडे ते त्याला नुसतं 'चांगला बदकवाला' म्हणत. आमच्याकडे नाही का, पाटी नसली तरी लोक 'त्या चष्मेवाल्यांच्याच' रांगेत उभे राहतात, तसं. अखेर १९६० च्या सुमारास एका वाचकाने नाव शोधून काढलं आणि थेट पत्र टाकलं. जे काम छापणाऱ्यांचं, ते वाचकाने केलं.

आणि नावाने काय फरक पडतो म्हणाल, तर वॉल्ट केली बघा. हाही डिस्नेकडचाच, १९४१ मध्ये बाहेर पडला. जॉर्जियाच्या दलदलीतल्या 'पोगो' नावाच्या प्राण्याची चित्रमालिका त्याने पुढे वर्तमानपत्रांतून स्वतःच्या सहीने चालवली. १९५३ मध्ये अख्खी अमेरिका सिनेटर मॅकार्थीला टरकून असताना केलीने त्याला रानमांजर करून त्या दलदलीत सोडला. खाली सही असली की बदकाला न् मांजराला असा कणा येतो!

बार्क्सला मात्र १९७१ मध्ये स्वतःच्याच बदकांची तैलचित्रं विकायला कंपनीची परवानगी लागली, आणि १९७६ मध्ये ती काढूनही घेतली गेली. तो २००० साली गेला. आज त्याच्या गोष्टींचे संग्रह त्याच्या नावाने निघतात. आकाशातल्या एका लघुग्रहालाही त्याचं नाव आहे. छान झालं. पण निवृत्तीनंतर मिळालेलं नाव म्हणजे मुदत उलटून गेल्यावर वटलेला चेक. आकाशातला दगड कशाला हवा होता? पहिल्या पानाच्या कोपऱ्यात बोटभर जागा पुरली असती.

म्हणून पोरांसाठी चित्रांचं पुस्तक घ्याल, तेव्हा किंमत बघायच्या आधी काढणाऱ्याचं नाव बघा. नसेल तर दुकानदाराला विचारा, छापणाऱ्याला पत्र टाका. चित्र एकाचं आणि नाव दुसऱ्याचं असेल, तर आमच्या खात्यात त्यावर एकच शेरा मारतात: सही जुळत नाही. परत.