लोह गोणीत, रक्त मात्र फिकेच!

मुंबईची तहान भागविणारे तानसा आणि भातसा हे जलाशय शहापूर तालुक्यात आहेत. त्याच शहापुरातील आणि शेजारच्या मुरबाडमधील वनवासी पाड्यांवर वाढणाऱ्या बाळांच्या रक्ताची चौकशी मुंबईने कधी केली आहे काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांत रक्तक्षयाचे प्रमाण २०१५-१६ साली ५३.८ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ६८.९ टक्क्यांवर गेले.

यावर उतारा म्हणून १५ ऑगस्ट २०२१ रोजी लोहयुक्त तांदळाची घोषणा झाली. हेतूविषयी शंका नाही. परंतु गोणीतले लोह म्हणजे बाळाच्या रक्तातले लोह नव्हे! तांदळासाठी फेरिक पायरोफॉस्फेट निवडले जाते, कारण ते भाताचा रंग बिघडवत नाही; पण ते पोटात सहज विरघळतही नाही. धान्यातील फायटेट त्याला अडविते, चहा उरलेसुरले बांधून ठेवतो. रक्त कमी झालेले शरीर एरवी अधिक लोह ओढून घेते. मात्र वारंवार तापाने, संसर्गाने गांजलेल्या बाळाच्या यकृतात हेपसिडिन वाढते आणि लोहाला आतड्याचे दार बंद होते. ज्याला गरज सर्वाधिक, त्याच्याच पदरी लाभ सर्वांत कमी!

उपाय अज्ञात आहेत असेही नाही. जन्मानंतर नाळ बांधण्यापूर्वी किमान एक मिनिट थांबावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ सालीच सांगितले. सहा महिने निव्वळ आईचे दूध. त्यानंतर दुधाच्या जोडीला मोड आणून दळलेल्या नाचणीची पेज, तीत लिंबाचे चार थेंब, आणि चहाला सक्त मज्जाव. 'ॲनिमियामुक्त भारत' योजनेने २०१८ पासून आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर लोहाचे औषधही सांगितले आहे. पण दिवाळीनंतर कातकरी माता बाळाला घेऊन वीटभट्टीवर जाते, तेव्हा औषधाची बाटली तिच्यासोबत जाते काय?

गोण्या मोजणे सोपे असते. हिमोग्लोबिन मोजण्यासाठी पाड्यापर्यंत आणि भट्टीपर्यंत चालावे लागते. योजनेचे यश वाटलेल्या टनांवर नव्हे, बाळाच्या रक्तावर ठरवा. शासनाने अंगणवाडीची सेवा स्थलांतरित बाळामागे न्यावी. कार्यकर्त्यांनी तिथे पोहोचावे, पेज आणि लिंबू आईच्या हाती द्यावे, औषधाचा वार चुकू देऊ नये. शहापूरचे पाणी आपण वर्षानुवर्षे पीत आलो आहोत. ते ऋण फेडण्याची सुरुवात तरी होऊ द्या!