नोकिया 'बदलली नाही' म्हणून बुडाली?

मित्रांनो, आधीच सांगते, कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी जरा कच्चं आहे. सांभाळून घ्या. मुद्दा मात्र पक्का आहे.

"नोकिया काळाप्रमाणे बदलली नाही म्हणून संपली." हे वाक्य आपण प्रत्येक सेमिनारमध्ये ऐकतो आणि माना डोलावतो. मला ते अर्धंच खरं वाटतं. नोकिया उशिरा का होईना, बदलली. पण कशी?

फेब्रुवारी २०११ मध्ये सीईओ स्टीफन इलॉप यांनी घरची सिम्बियन बाजूला सारून मायक्रोसॉफ्टचं विंडोज फोन स्वीकारलं. ते स्वतः मायक्रोसॉफ्टमधूनच आले होते. नोकियाच्या इंजिनीअर्सनी मीगोवर बनवलेला सुंदर एन९ त्याच वर्षी आला, पण तोवर निर्णय होऊन गेला होता. म्हणजे कंपनी बदलली, पण दुसऱ्याच्या भरवशावर. विंडोज फोनवर ॲप्स कमी म्हणून गिऱ्हाईक येईना, आणि गिऱ्हाईक नाही म्हणून ॲप्स कोणी बनवेना!

सप्टेंबर २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ५.४४ अब्ज युरोला नोकियाचा हँडसेट व्यवसाय घ्यायचं जाहीर केलं. एप्रिल २०१४ मध्ये व्यवहार पूर्ण झाला. तीनच महिन्यांत मायक्रोसॉफ्टने १८,००० नोकऱ्या कमी करायची घोषणा केली. त्यातल्या साधारण १२,५०० या नोकियाकडून घेतलेल्या व्यवसायातल्या. २०१५ मध्ये या खरेदीपोटी ७.६ अब्ज डॉलर बुडीत धरले गेले.

आणि आपल्या देशात? चेन्नईजवळचा श्रीपेरुंबुदुरचा कारखाना कराच्या वादामुळे या व्यवहारात गेलाच नाही. मग मायक्रोसॉफ्टने तिथून फोन घेणं थांबवलं आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून उत्पादन बंद पडलं. तिथे हजारो कामगार होते, त्यात कितीतरी तरुण मुली, जवळपास आपल्याच वयाच्या. सिम्बियन ठेवायची की विंडोज घ्यायचं, हे त्यांना कोणी विचारलं होतं? निर्णय एकाचा, नोकरी गेली दुसऱ्याची. मला खटकतं ते हे.

लवकरच आपण प्लेसमेंटला बसू. पॅकेज विचारूच, त्यात लाजायचं काय! पण कंपनीच्या मालाचा गाभा तिचा स्वतःचा आहे की उसना, हेही विचारूया. आणि उद्या आपल्यापैकी कोणी त्या मोठ्या खुर्चीत बसलंच, तर आपली चूक कोणाला भोवणार, याचा विचार सही करण्याआधी करूया.

पटलं नाही? कॅन्टीनमध्ये भेटा, वाद घालू. चहा माझ्याकडून!