विहीर खुली झाली, गोडे पाणी कुणाचे?

१/ २० डिसेंबर १९५६. वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलाशी गाडगेबाबांनी देह ठेवला. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला अवघे चौदा दिवस झाले होते. परीट समाजात जन्मलेल्या या लोकशिक्षकाच्या दशसूत्रीत भुकेल्याच्या अन्नापाठोपाठ तहानलेल्याचे पाणी येते. वऱ्हाडात या पाण्याला स्वतःचा इतिहास आहे.

२/ पाण्यावरील हक्काची चर्चा बहुधा महाडला, २० मार्च १९२७ पाशी थांबते. त्या लढ्यामागे मुंबई विधिमंडळाचा १९२३ चा बोले ठराव होता. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेले होते. मुंबईचा ठराव येथे लागू नव्हता.

३/ १९२८ मध्ये डॉ. पंजाबराव देशमुख अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. त्यांच्या कारकिर्दीत सार्वजनिक विहिरी तत्कालीन अस्पृश्यांसाठी खुल्या झाल्या. महाडइतकाच हा अध्यायही तरुण वाचकांना ठाऊक असायला हवा.

४/ मात्र विहिरीला हात कोणी लावायचा, एवढाच प्रश्न त्या निर्णयाने सोडवला. विहिरीत पाणी कसले, हा प्रश्न उरला. पेढी ज्या पूर्णेला मिळते, तिच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाण्यातून खारपाणपट्टा पसरला आहे. तेथील गाळाच्या खोल थरांतले भूजलच खारट. गोडी विहीर एखादीच असलेल्या गावात ती नाकारली, की दुसरा पर्याय उरत नसे.

५/ खार जात पाहत नाही. त्यातून सुटण्याचा मार्ग मात्र ऐपत पाहतो. ज्याला परवडते तो शुद्ध पाण्याचा कॅन विकत घेतो. मजुराचे घर नळाची वाट पाहते.

६/ उत्तरेच्या मेळघाटातही हाच प्रश्न दिसतो. शहानूर नदी या डोंगरांतून उतरते आणि पायथ्याच्या धरणाचे पाणी सपाटीवरील गावांची तहान भागवते. ते योग्यच. पण वर चिखलदरा तालुक्यातील कोरकू गावे कित्येक उन्हाळे टँकरवर काढतात. डोंगरउतार पाणी धरत नाही, हे निसर्गाचे कारण झाले. साठवण आधी कोणासाठी झाली, हा माणसांचा निर्णय आहे.

७/ म्हणून पाणीयोजनेचे यश तिच्या उद्घाटनावरून ठरवू नये. मे महिन्यात शेवटच्या वस्तीतील शेवटच्या घरी किती गोडे पाणी पोहोचले, हे मोजावे. १९२८ नंतर उघडलेल्या विहिरींचे उरलेले काम तेथेच पूर्ण होईल.