बल्ब ओके, ड्रायव्हर फेल!

परवा रूमवरचा एलईडी बल्ब गेला. घेऊन जेमतेम आठ महिने झाले होते. खोक्यावर मात्र ठसठशीत लिहिलेलं, आयुष्य २५,००० तास. रोज सहा तास लावला तरी हिशोबाने अकरा वर्षं! वॉरंटी होती, पण बल्बचं बिल कोण जपून ठेवतं? शेवटी कोपऱ्यावरच्या रिपेअरिंगवाल्या काकांकडे गेले. त्यांनी बल्ब उघडून तपासला आणि म्हणाले, ''एलईडी सगळे चांगलेत गं, ड्रायव्हर गेलाय.''

तर भानगड अशी आहे. घरात येते २३० व्होल्टची एसी वीज. एलईडीला लागतो डीसी, आणि तोही स्थिर करंट. हे काम करणारं छोटं सर्किट म्हणजे ड्रायव्हर. त्यात बहुतेक वेळा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतो आणि त्याच्या आतला द्रव उष्णतेने हळूहळू सुकत जातो. इंजिनीअर मंडळींचा ढोबळ नियम सांगतो, तापमान १० अंशांनी वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य निम्मं. मग बंद बल्बच्या भट्टीत स्वस्तातला कपॅसिटर कोंबला, तर दुसरं काय होणार?

उपाय काही रॉकेट सायन्स नाहीत. १०५ अंश रेटिंगचा चांगला कपॅसिटर वापरा, एलईडी थोड्या कमी करंटवर चालवा, उष्णतेला बाहेर पडायला वाट द्या, व्होल्टेजच्या झटक्यांपासून संरक्षण द्या. खर्च थोडा वाढेल. पण दुकानात आपणच फक्त वॉट आणि किंमत बघतो ना! मग कंपनी कशाला खर्च करेल?

२०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेत देशभरात ३६ कोटींहून जास्त एलईडी बल्ब वाटले गेले. वीज वाचली, हे भारीच. पण वेळेआधी गेलेला प्रत्येक बल्ब म्हणजे ई-कचरा. त्यातला बराचसा भाग धडधाकट असतानाही तो फेकला जातो.

म्हणून माझं म्हणणं, खोक्यावर ड्रायव्हरचं आयुष्य वेगळं छापा. बल्ब असा बनवा, की तो उघडून ड्रायव्हर बदलता येईल. आणि इलेक्ट्रॉनिक्सवाल्या मित्रमैत्रिणींनो, फायनल इयर प्रोजेक्टचा विषय शोधताय? हा घ्या.

काकांनी तीस रुपयांत ड्रायव्हर बदलून दिला. हा लेख त्याच बल्बखाली बसून लिहिलाय.