एका कानात नर्मदा

गेले काही महिने आमच्या घरी एकाच गोष्टीवरून कुरबूर चालली होती. आमच्या चिरंजिवांच्या कानातल्या वायरी! जेवताना, गच्चीवर, अभ्यासाला बसल्यावरही कान बुजलेलेच. एकदा सहज त्याच्या फोनवर नजर गेली, तर काळेकुट्ट चित्र आणि काटेरी झुडपासारखी अक्षरे. ह्यांनी लगेच निकाल देऊन टाकला, "सैतानाचे संगीत आहे हे. पोरगा हातचा जाणार!"

ही भीती अगदीच पोकळ नव्हती. 'ब्लॅक मेटल' नावाचा हा कर्कश गिटारींचा आणि किंचाळण्याचा प्रकार १९९०च्या सुमारास नॉर्वेत फोफावला. १९९२ साली बर्गेनजवळचे फान्टॉफ्टचे जुने लाकडी चर्च जाळले गेले. त्या वर्तुळातले काहीजण जाळपोळ आणि खुनासाठी तुरुंगातही गेले. हे कळल्यावर कोणत्या आईचा जीव थाऱ्यावर राहील?

पण रागावून काही हाती लागेना. दुसऱ्यांदा विषय राहिल्यापासून तर मुलाने बोलणेच टाकले होते. शेवटी एका रविवारी मी म्हटले, "चल, तिलवाऱ्याला जाऊन येऊ. आणि तुझे ते गाणे मलाही ऐकव."

त्याने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी त्याच्याकडे सिगारेटच मागितली!

जबलपूरकरांना तिलवारा घाट सांगायला नको. नागपूरच्या रस्त्यावर, नर्मदेच्या काठी संक्रांतीला तिथे मोठा मेळा भरतो. १९४८ साली गांधीजींच्या अस्थी इथेच नर्मदेत सोडल्या. एरवी संध्याकाळी मात्र घाट शांत असतो. पायऱ्यांवर दोन-चार माणसे, पाण्यावर एखादा दिवा, आणि लांब पुलावरून जाणाऱ्या ट्रकांची घरघर.

आम्ही खालच्या पायरीवर बसलो. वायरीचे एक टोक त्याच्या कानात, एक माझ्या. मी मनाची तयारी करून बसले होते. पण आरडाओरडा काही येईना. एक लांबलचक सूर, कुठे बारीक खरखर, कुठे पियानोची दोन बोटे, मग नुसते थांबणे. ताल नाही, मुखडा नाही. गवयी यायच्या आधी तंबोरा लागलेला असावा, तसे वाटले.

"हेच का ते सैतानाचे?" मी विचारले. तो कितीतरी दिवसांनी हसला आणि सांगू लागला.

'उल्व्हर' म्हणजे लांडगे. ओस्लोच्या मुलांनी १९९३ साली हा वाद्यवृंद काढला. सुरुवात ब्लॅक मेटलनेच झाली. पण १९९६ची त्यांची दुसरी ध्वनिमुद्रिका साध्या गिटारींची आणि समूहस्वरांची निघाली. १९९७ची तिसरी पुन्हा कान फाटतील अशी! त्यानंतर त्यांनी ती वाटच सोडली. संगणकावरचे सूर, शहराचे आवाज, शांतता यांच्याशी ते खेळू लागले. आम्ही ऐकत होतो तो २००१ सालचा सुमारे २४ मिनिटांचा एकच सलग तुकडा होता. त्याच्या नावाचा अर्थ, शांतता तुम्हाला गायला शिकवते.

अशा संगीताला 'अँबियंट' म्हणतात. त्याची एक गोष्ट मला फार आवडली. १९७५ साली ब्रायन ईनो हा इंग्रज संगीतकार अपघातानंतर अंथरुणाला खिळला होता. भेटायला आलेल्या मैत्रिणीने हार्पची तबकडी आणली. ती लावल्यावर आवाज फारच बारीक होता, पण उठून वाढवायची ताकद नव्हती. मग बाहेरचा पाऊस आणि ते पुसट सूर त्याला एकत्रच ऐकावे लागले. त्यातूनच त्याला नवी दिशा सापडली.

माझेही तसेच झाले. एका कानात नॉर्वे, दुसऱ्या कानात नर्मदा! थोड्या वेळाने पुलावरच्या ट्रकचा आवाज कुठला आणि गाण्यातला कुठला, हेच कळेना. मनात आले, हेच पाणी पुढे भेडाघाटला धुवाँधारला कोसळते तेव्हा शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. आणि लगेच पुढे संगमरवरी कड्यांमध्ये ते इतके संथ होते, की नाव वल्हवताना वल्ह्याचा आवाज येतो. नदी तीच. गर्जना केली म्हणून ती वाईट नव्हती आणि शांत झाली म्हणून हरली नाही.

तुकडा संपला. वायर तशीच राहिली. पाण्याकडे बघतच तो म्हणाला, "आई, मला हा कोर्स पुढे नाही करायचा. फार दिवसांपासून सांगायचे होते."

माझ्या तोंडावर नेहमीची दहा वाक्ये आली होती. फी, लोक, ह्यांचा रक्तदाब... पण चोवीस मिनिटे गप्प बसायचा सराव नुकताच झाला होता! मी एवढेच म्हटले, "बरं. सांग."

त्या संध्याकाळी अंधार पडेपर्यंत तो बोलत होता. प्रश्न सुटला असे नाही. ह्यांना समजावणे अजून चालूच आहे. आणि ते गाणे मला फार कळले असेही मी म्हणणार नाही. पण तुमच्याही घरी असे बुजलेले कान असतील, तर वायर ओढून काढू नका. तिचे दुसरे टोक मागा. मुले काय ऐकतात हे ऐकल्याशिवाय, ती काय सांगत नाहीत हे कसे ऐकू येणार?