बर्फावरची पैज

अलास्कातील नेनाना गावी वसंताची वर्दी एक घड्याळ देते. गोठलेल्या टॅनाना नदीवर लाकडी तिवई उभारून ती तारेने काठावरच्या घड्याळाला जोडतात. बर्फ फुटून तिवई वाहू लागली की घड्याळ थांबते. हा क्षण अचूक ओळखण्याची पैज १९१७ साली रेल्वेच्या कामावरील मंडळींनी सुरू केली. पैसा गुंतलेला, म्हणून नोंदी काटेकोर. सरकारी दप्तरांनीही हेवा करावा अशा! १९६४ मध्ये घड्याळ २० मे रोजी थांबले, २०१९ मध्ये १४ एप्रिललाच. निसर्गाची लहर म्हणून हे सोडून देता येत नाही. शतकभराच्या नोंदींचा कलही तोच आहे. लवकर आलेल्या वसंताचा आनंद मानावा, तर हिवाळ्यात गोठलेली नदी हाच ज्यांचा रस्ता, त्या उत्तरेकडील खेड्यांनी काय करावे?